चौघं मागे लागले होते, पण त्याने एकालाही पुढे जाऊ दिलं नाही

फॉर्म्युला वन बघणाऱ्यांच्या ग्रुपवर रविवारी रात्री एक वाद ठरलेला असतो. ओव्हरटेक कमी झाले की लगेच मेसेज पडतो, काय बोअर रेस होती राव. ओव्हरटेक भरपूर झाले की रेस भारी. हिशोब एवढा सोपा.

हा हिशोब तपासायचा तर एका माणसाची गोष्ट बघावी लागते. कॅनडाचा जिल व्हिलनव्ह. ओव्हरटेकची सगळ्यात गाजलेली मारामारी याच्या नावावर आहे. आणि साठहून जास्त फेऱ्या पहिला नंबर बदललाच नाही, तरी लोक आजही आठवण काढतात, ती रेसही याचीच.

जिलचा जन्म १९५० चा, कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतातला. वडील पियानो ट्यून करायचे. घरात रेसिंगचा पैसा नव्हता, पण बाहेर बर्फ भरपूर होता. त्यामुळे पोरगं आधी स्नोमोबाईलच्या, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत उतरलं आणि १९७४ साली त्यातली जागतिक डर्बी जिंकून बसलं. पुढच्या गाडीने उडवलेल्या बर्फात समोरचं काही दिसत नाही. तिथे अंदाजावर आणि हातांच्या वेगावर गाडी चालते. ही शाळा त्याला आयुष्यभर पुरली.

कार रेसिंगसाठी त्याने राहतं घर विकलं. बायको, दोन लहान मुलं आणि एक मोटरहोम, असा संसार रेसमागे फिरायला लागला. १९७६ मध्ये क्युबेकमधल्या एका रेसला युरोपातून नावाजलेले ड्रायव्हर पाहुणे म्हणून आले होते. त्यात जेम्स हंट होता, जो त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला. या घरच्या पोराने सगळ्यांना हरवलं. हंटने परत जाऊन आपल्या मॅक्लारेन टीमला त्याचं नाव सांगितलं. १९७७ मध्ये त्याला मॅक्लारेनकडून एक रेस मिळाली आणि त्याच वर्षी फेरारीने त्याला उचललं.

फेरारीकडून दुसऱ्याच रेसमध्ये ओव्हरटेकची दुसरी बाजू त्याच्यासमोर आली. जपानच्या फुजी सर्किटवर पुढच्या गाडीला गाठताना तो तिच्या मागच्या चाकावर आदळला. गाडी हवेत उडाली आणि मनाई असलेल्या जागी उभ्या माणसांवर पडली. दोन जण गेले. जिलला साधं खरचटलंही नाही.

आता १ जुलै १९७९. फ्रान्समधलं दिजाँ सर्किट. रेस जिंकली रेनॉच्या जाबुईने. फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिनाचा हा पहिला विजय, म्हणजे इतिहासच. पण जिंकणाऱ्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण मागे दुसऱ्या नंबरसाठी जिल आणि रेनॉचाच रने आर्नू भिडले होते. शेवटच्या फेऱ्यांत कधी हा पुढे, कधी तो. चाकाला चाक घासतंय, एकाचा पाय घसरला की गाडी रस्त्याबाहेर, पुन्हा आत. शेवटी जिल ०.२४ सेकंदाने पुढे राहिला. खाली उतरून दोघं हसत होते.

ओव्हरटेकवाल्यांचा हा हुकमी एक्का. पण नीट बघितलं तर मजा गाडी पुढे गेली यात नव्हती. पुढे गेलेली गाडी पुढे राहीलच याची खात्री नव्हती, मजा त्यात होती.

याचा पुरावा दोन वर्षांनी मिळाला. २१ जून १९८१, माद्रिदजवळचं हारामा सर्किट. फेरारीचं टर्बो इंजिन राक्षसी होतं, पण गाडीचा सांगाडा अगदीच सुमार. सरळ रस्त्यावर पळायची, वळणावर रडायची. जिल सातव्या जागेवरून सुटला, सुरुवातीलाच भराभर पुढे आला, आणि पहिल्या नंबरवरचा अॅलन जोन्स चौदाव्या फेरीत घसरून बाहेर गेल्यावर आघाडी जिलकडे आली. रेस ८० फेऱ्यांची.

मग मागे रांग लागली. लाफित, वॉटसन, रॉइटेमन, दे आंजेलिस. चौघांच्याही गाड्या वळणावर फेरारीपेक्षा सरस. पण सर्किट अरुंद आणि वळणावळणाचं. जिलचं गणित सरळ होतं. वळणात मागच्याला आत घुसायला जागा ठेवायची नाही, आणि लांब सरळ रस्त्याच्या आधीचं वळण असं घ्यायचं की बाहेर पडताना इंजिनाची सगळी ताकद लगेच कामाला येईल. मग सरळ रस्त्यावर तो चार हात लांब निघायचा. पुढच्या वळणांवर चौघं परत मानगुटीवर. हे एका फेरीत नव्हे, प्रत्येक फेरीत. जूनमधलं माद्रिदचं ऊन, झिजत चाललेले टायर. एकदा चाक हलकंसं घसरलं असतं तरी तो पहिल्यावरून पाचवा झाला असता.

चूक झाली नाही. रेस संपली तेव्हा पहिला आणि पाचवा यांच्यात अंतर होतं १.२४ सेकंद. इतके ओव्हरटेक होऊ घातले होते, आणि आघाडीचा एकही झाला नाही.

२०११ पासून सरळ रस्त्यावर मागच्या पंखाची फळी उघडून वेग वाढवायची सोय आली, डीआरएस. (क्रिकेटमधला नव्हे.) त्याने ओव्हरटेक वाढले. पण मागचा येणार आणि आरामात निघून जाणार हे आधीच दिसत असेल, तर तो हायवेवरचा प्रवास झाला. हारामाला बघणारा साठ फेऱ्या श्वास रोखून बसला, कारण आता होईल, आता होईल असं वाटत राहिलं. माझं मत या बाजूला.

तर ओव्हरटेक न करण्याचीही एक गोष्ट आहे. १९७९ ला मोंझात जिल टीममेट जोडी शेक्टरच्या पाठीला पाठ लावून दुसरा आला. शेक्टर त्या दिवशी वर्ल्ड चॅम्पियन झाला. टीमचा शब्द म्हणून जिलने गाडी पुढे काढलीच नाही.

२५ एप्रिल १९८२, इमोला. पुन्हा दोन फेरारी सगळ्यांच्या पुढे. जिल पहिला, टीममेट दिदिए पिरोनी दुसरा. पिटमधून हळू जाण्याचा बोर्ड दाखवला गेला. जिलने अर्थ घेतला की आता नंबर बदलायचे नाहीत. पिरोनीच्या मते अर्थ एवढाच होता की गाडी जपा. दोघं एकमेकांना ओलांडत राहिले, इटलीचं पब्लिक खूश. जिलला वाटत होतं हा लोकांसाठी खेळ चाललाय. शेवटच्या फेरीत पिरोनी पुढे गेला आणि जिंकला. जिलने त्याच्याशी बोलणं कायमचं तोडलं.

तेरा दिवसांनी, ८ मे ला, बेल्जियममधल्या झोल्डरला क्वालिफाइंग होतं. पिरोनीची वेळ जिलपेक्षा किंचित चांगली लागली होती. जिल शेवटच्या प्रयत्नात सुसाट येत असताना पुढे योखेन मासची गाडी संथ चालली होती. मासने साइड द्यायला गाडी उजवीकडे घेतली. त्याच क्षणी जिलही उजवीकडे वळला होता. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये तो गेला. वय ३२.

६७ रेस, ६ विजय, वर्ल्ड टायटल एकही नाही. माँट्रियलच्या सर्किटला त्याच वर्षी त्याचं नाव दिलं गेलं. त्याचा मुलगा जाक तेव्हा ११ वर्षांचा होता. १९९७ साली तो वर्ल्ड चॅम्पियन झाला.