चिंतामणराव देशमुख : संस्कृताच्या वर्गातून रिझर्व्ह बँकेत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादकांचा आग्रह झाला, त्या सुमारास आमच्या घरात दुसऱ्या कोणत्याही विषयाला थारा नव्हता. मुलगी बारावी उत्तीर्ण झाली. इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तिची निवड झाली आहे, आणि दिल्ली विद्यापीठात इतिहास घेऊन बी. ए. करण्याचा मार्गही मोकळा आहे. पहिल्या वाटेचे शुल्क ऐकून माझी छाती दडपते. दुसऱ्या वाटेचे नाव ऐकून आप्तेष्टांची. एका बाजूस सिमेंटचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूस भिलाईचा पोलादाचा, अशा आमच्या जामुलमध्ये बी. ए. हा शब्द लोक सांत्वनाच्या सुरात उच्चारतात. मी स्वतः बी. ए. आहे, तेही नोकरी सांभाळून, पत्रद्वारा शिक्षण घेऊन झालेला. त्यामुळे या प्रश्नावर माझे मत घरात निःपक्षपाती मानले जात नाही. म्हणून मतप्रदर्शन टाळून, ज्यांचे चरित्र या दिवसांत मी पुन्हा वाचून काढले, त्या चिंतामण द्वारकानाथ देशमुखांविषयीच लिहावे असे ठरविले.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील रोह्यास वकिली करीत. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत हा मुलगा मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळविली. त्या यशाने हरखून राम गणेश गडकऱ्यांनी त्याच्यावर कविता केली होती. पुढच्याच वर्षी, १९१३ साली, मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय निघाले आणि वाणिज्य हा पदवीचा विषय होऊ शकतो हे आपल्याकडील सुशिक्षितांस प्रथमच समजले. चिंतामणराव तिकडे वळले नाहीत. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले आणि तेथे संस्कृतही बाजूस ठेवून निसर्गविज्ञानाकडे वळले. १९१७ साली ते पदवीधर झाले. वनस्पतिशास्त्रातील पारितोषिकही त्यांना लाभले. पुढील वर्षी लंडनला झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले.

येथे थोडे थांबले पाहिजे. ही परीक्षा कोणत्याही एका विषयाची मक्तेदारी मानीत नसे. संस्कृत, गणित, विज्ञान, इतिहास, ज्याला जे उत्तम येई त्यातून त्याने आपली पात्रता सिद्ध करावी, अशी तिची रचना होती. बाविसाव्या वर्षी ती उत्तीर्ण झालेल्या तरुणास जन्मभराची निश्चिंती लाभे. आजच्या बी. ए. होणाऱ्या मुलीसमोर तशी शिडी नाही. स्पर्धापरीक्षा आहेत, पण जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि उमेदवार लाखांनी. चिंतामणरावांचे उदाहरण देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा भेद विसरू नये. मी तो काही दिवस सोयीस्करपणे विसरलो होतो, आणि मुलीनेच तो माझ्या ध्यानात आणून दिला.

नोकरीत त्यांची नेमणूक मध्यप्रांत-वऱ्हाडात झाली, आणि येथून त्यांचे चरित्र आपल्या अंगणात येते. रायपूर जिल्ह्यात ते सेटलमेंट ऑफिसर, म्हणजे जमाबंदी अधिकारी होते. आपल्यापैकी ज्यांची शेतजमीन या भागात आहे, त्यांना ‘बंदोबस्त’ या शब्दाचे वजन निराळे सांगावयास नको. गावोगाव फिरावयाचे, मालगुजार आणि कुळे यांचे हक्क तपासावयाचे, आणि प्रत्येक शेताची माती ओळखावयाची. कन्हार काळी आणि भारी, डोरसा मिश्र, मटासी पिवळसर आणि धानाला मानवणारी, भाठा म्हणजे उंचावरची मुरमाड. मध्यप्रांताच्या पद्धतीत मातीच्या प्रत्येक जातीस तिच्या कसाप्रमाणे अंक दिलेले असत आणि त्यावरून गावाची ऐपत व सारा यांचा हिशेब बांधला जाई. वनस्पतींचे वर्गीकरण करावयास शिकलेल्या तरुणाला हे काम परके वाटले नसावे, असा माझा तर्क आहे. पैसा ही वस्तू खतावणीत उमटण्यापूर्वी शेतात उगवते, हे पुढे देशाच्या चलनाची जबाबदारी घेणाऱ्या या माणसाने छत्तीसगडच्या बांधावर उभे राहून पाहिले होते. नंतर ते प्रांताच्या वित्त खात्याचे सचिव झाले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेतही त्यांनी सचिवालयाचे काम केले.

१९३९ च्या जुलैत रिझर्व्ह बँक आणि सरकार यांच्यातील दुवा म्हणून त्यांची नेमणूक झाली. अल्पावधीत ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव, १९४१ च्या अखेरीस उपगव्हर्नर आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले. त्या पदावरील ते पहिले भारतीय. वाणिज्याची पदवी नाही, पेढीवरचा अनुभव नाही. युद्धकाळ होता, चलनफुगवटा होता, बंगालात दुष्काळ होता. पुढे फाळणी झाली तेव्हा ३० जून १९४८ पर्यंत हीच एक बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. दोन घरांचे भांडण चालू असताना एकाच तिजोरीची किल्ली सांभाळणे कसे असेल, याची कल्पना कोणत्याही सरकारी नोकरास करता येईल.

या सगळ्यात मला सर्वांत विचारप्रवृत्त करणारा प्रसंग १९४४ च्या जुलैतील आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक ज्या परिषदेतून निर्माण झाल्या, त्या अमेरिकेतील ब्रेटन वुड्सच्या परिषदेस भारताचे शिष्टमंडळ गेले होते. त्यात चिंतामणराव होते आणि अर्देशिर दाराबशा श्रॉफही होते. श्रॉफ सिडनहॅम महाविद्यालयाचे आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे विद्यार्थी. शेअरबाजार आणि टाटांची उद्योगसंस्था यांत मुरलेले. त्याच वर्षी निघालेल्या बाँबे प्लॅनच्या कर्त्यांपैकी एक. म्हणजे आमच्या घरातील दोन्ही वाटा तेथे एकाच मेजाशी बसल्या होत्या. ब्रिटनकडे साठलेली भारताची स्टर्लिंगमधील येणी कशी वसूल होणार, हा प्रश्न श्रॉफांनी परिषदेत रोखठोक मांडला. कर्जदार कोण आणि धनको कोण, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. गरीब देशांचा विकास हाही या नव्या संस्थांचा हेतू असला पाहिजे, ही बाजू चिंतामणरावांनी लावून धरली. एकाने दुसऱ्याचे काम केले असते तर तितके चांगले झाले असते का, मला सांगता येत नाही. दोघेही तेथे हवे होते, एवढे मात्र स्पष्ट दिसते.

पुढे दोघांच्या दिशा वेगळ्या झाल्या. १९५० मध्ये चिंतामणराव अर्थमंत्री झाले. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. आणि त्याच वर्षी श्रॉफांनी अशा सरकारी नियंत्रणाविरुद्ध फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज ही संस्था काढली. भिलाईच्या कारखान्याचा करार सोविएत रशियाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तोही चिंतामणरावांच्याच कारकिर्दीत. आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे ज्या कारखान्यामुळे या मुलखात आली, त्याच्या पायाभरणीच्या काळात तिजोरीवर रायपूरचा जुना जमाबंदी अधिकारी बसला होता, हा योगायोग मला फार आवडतो.

१९५६ मधील त्यांचा राजीनामा मराठी माणसास निराळा सांगावयास नको. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णय आणि मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी न होणे, यांमुळे देशाचे अर्थमंत्रिपद त्यांनी सोडले. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेले आणि दुर्ग-रायपूर मध्यप्रदेशात राहिले. आपण ‘दूरचे मराठी’ झालो ते तेव्हा.

मंत्रिपद गेल्यावर ते शिक्षणाकडे वळले. १९६१ पर्यंत विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. ते कुलगुरू झाले त्याच वर्षी त्या विद्यापीठात पत्रद्वारा बी. ए. चा अभ्यासक्रम सुरू झाला. माझ्यासारख्या अनेकांस पुढे पदवी मिळाली ती अशाच सोयीमुळे, तेव्हा हे ऋण मी येथे नोंदवून ठेवतो. हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजचेही अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९५६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत व्यवस्थापन शिकावयास येणारी माणसे दहा-पंधरा वर्षे काम करून आलेली असत. अठराव्या वर्षी नव्हे, काम अंगावर पडल्यानंतर ते शास्त्र शिकावे, ही त्या संस्थेमागील धारणा. आज नेमकी उलटी रीत रूढ होत आहे. तीही चुकीची असेल असे मी म्हणत नाही; इंदूरच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका वाचली तेव्हा पहिल्या वर्षांत मानव्यविद्यांनाही बरीच जागा दिलेली आढळली.

संस्कृत त्यांनी कधी सोडले नाही. मेघदूताचा मराठी पद्यानुवाद केला, गांधीजींची शंभर वचने संस्कृत श्लोकांत बांधली, स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रहही प्रसिद्ध केला. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते पराभूत झाले. त्या प्रकरणात त्यांनी पडावयास नको होते, असे मला वाटते. अखेरची वर्षे पत्नी दुर्गाबाईंसह हैदराबादेत गेली. तेथेच २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

शुल्क भरण्याची मुदत अजून आठ दिवसांची आहे. काल रात्री हा लेख मी मुलीस वाचावयास दिला. रायपूरचा परिच्छेद तिने दोनदा वाचला, आणि मटासी व डोरसा यांतील फरक प्रत्यक्ष पाहण्यासाठी रविवारी शिवनाथेकाठच्या शेतांवर नेण्याचे माझ्याकडून कबूल करून घेतले.