देहूच्या पेठेतले महाजन

ओतूरला मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तेथे तांदळाच्या पिंडी रचतात आणि त्या पाहण्यासाठी आमच्या जुन्नर तालुक्यातील गावोगावची माणसे लोटतात. पिंपळवंडीहूनही जातात. पिंडींचे दर्शन झाले की लोकांचे पाय जत्रेतल्या दुकानांकडे वळतात. त्याच परिसरात बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. तिच्यापुढे सगळेच हात जोडतात, पण हे बाबाजी कोण, असे एखाद्या लहान मुलाने विचारले तर बरोबरची मोठी माणसे पुष्कळदा गोंधळतात. बाबाजी चैतन्य हे तुकाराम महाराजांचे गुरू होत.

या गुरुशिष्यांची भेट झाली ती स्वप्नात. तुकोबांनी स्वतःच ती हकीकत एका अभंगात सांगून ठेवली आहे. माघ शुद्ध दशमीचा गुरुवार होता. स्नानाला जात असताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि जेवणासाठी पावशेर तूप मागितले. तूप देण्याचे मात्र स्वप्नातच विसरून गेले. अनुग्रहासारख्या प्रसंगाच्या वर्णनात तुपाचे माप यावे, याचे प्रथम नवल वाटते. पण तुकोबांचे घराणे कोणते होते हे लक्षात घेतले म्हणजे नवल उरत नाही. ज्याचे बालपण तराजूजवळ गेले, त्याला देवाच्या दारीही माप आठवणारच! आपण तुकोबांना संत म्हणून ओळखतो, कवी म्हणून अभ्यासतो. ते वाणी होते, ही गोष्ट मात्र आपण एका ओळीत सांगून पुढे जातो. या लेखात मी तेथेच थोडा वेळ थांबणार आहे.

तुकोबांचा जन्म १६०८ साली देहू येथे झाला असे सामान्यतः मानतात. जन्मसालाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. जातीने ते कुणबी, धंद्याने वाणी. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले भाऊ सावजी, धाकटे कान्होबा. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात पंढरीची वारी आणि विठ्ठलाची पूजा चालत आलेली. शेती होती, दुकान होते, सावकारी होती आणि देहूच्या पेठेची महाजनकीही होती. महाजन म्हणजे पेठेतल्या देवघेवीवर नजर ठेवणारा मानकरी. ज्याच्या शब्दावर बाजार चालतो अशा घरात तुकोबा वाढले.

थोरल्या सावजींचे मन संसारात नव्हते. म्हणून वयाच्या तेराव्या वर्षी तुकोबांकडे धंदा आला. तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे आजचा आठवीतला विद्यार्थी! त्याने दुकान सांभाळले, वसुली सांभाळली, आणि काही वर्षे हे सारे उत्तम चालले. तुकोबा व्यवहारशून्य होते असे सांगणाऱ्यांनी ही वर्षे विचारात घ्यावीत असे मला वाटते. पुढे सतराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले. मग सावजींची पत्नी गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. घराचा सगळा भार त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर आला. त्यांची दोन लग्ने झाली होती. पहिली पत्नी रखमाई दम्याने आजारी असे, म्हणून पुण्याच्या गुळवे सावकारांची मुलगी जिजाई हिच्याशी दुसरे लग्न झाले. हिलाच आवली असेही म्हणतात.

आणि मग १६३० साल उजाडले. याच वर्षी आमच्या तालुक्यातील शिवनेरी किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, म्हणून हे साल आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि १६३२ पर्यंत दख्खन, खानदेश आणि गुजरात या मुलखांत असा दुष्काळ पडला की त्याची वर्णने बादशाही तवारिखीत आणि परकी प्रवाशांच्या रोजनिशीतही आली आहेत. गावेच्या गावे ओस पडली. त्याच सुमारास आदिलशाही फौजेने पुणे जाळून उद्ध्वस्त केले. शिवजन्माचा पाळणा आणि दुष्काळ यांची आपण इतिहासात जोडी लावत नाही, पण ज्यांनी तो काळ काढला त्यांच्यासाठी दोन्ही एकाच वर्षातल्या गोष्टी होत्या.

दुष्काळात शेतकरी बुडतो हे सर्वांना कळते. वाणी कसा बुडतो हे मात्र थोडे समजून घ्यावे लागते. खेड्यातले दुकान रोखीवर चालत नाही, ते सुगीवर चालते. पेरणीला बी उधार, सणाला गूळ उधार, लग्नाला कापड उधार, आणि खळ्यावर धान्य आले की फेड. सुगीच आली नाही तर वहीतले आकडे तसेच राहतात आणि दुकानातला माल मात्र संपतो. नवा माल घ्यायला भांडवल नसते. घ्यावा तर भाव आकाशाला भिडलेले. द्यावा कोणाला, तर ज्याच्याकडे परत द्यायला काहीच नाही त्याला. अशा वेळी दुकानदाराला दोनच वाटा असतात. एक म्हणजे ऋणकोची भांडीकुंडी, बैल, जमीन ओढून आणायची. दुसरी म्हणजे स्वतः बुडायचे. तुकोबांचे दिवाळे निघाले. पेठेतला मान गेला. लादणीचे बैल मेले. रखमाई अन्नासाठी तळमळत गेली. मुलगा संतूही गेला. हे दुःख आणि ही लाज तुकोबांनी स्वतःच आपल्या अभंगात लिहून ठेवली आहे. महाजनाच्या घरात माणूस भुकेने मरतो, याहून मोठी बदनामी त्या काळी कोणती असणार?

आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशी लाल मिलोच्या भाकरी, हे ते आजही सांगतात. सांगताना एक गोष्ट हमखास येते, ती म्हणजे कोणत्या दुकानदाराने त्या वर्षी उधारी बंद केली आणि कोणी केली नाही. पन्नास वर्षे झाली तरी गाव हे विसरलेले नाही. तुकोबांच्या पुढच्या वागण्याकडे मी या खिडकीतून पाहतो.

दुष्काळ ओसरल्यावर पावसाने पुन्हा पिके आणली. आता वसुलीची वेळ होती. घरात लोकांची खतपत्रे पडून होती, त्यांवर घर पुन्हा उभे राहू शकले असते. तुकोबांनी ती सगळी इंद्रायणीत बुडवायची ठरवली. कान्होबांनी हरकत घेतली, कारण त्यांनाही बायकामुले होती. तेव्हा तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. एक वाटा कान्होबांना दिला आणि आपला वाटा डोहात सोडला. या प्रसंगाचे वर्णन करताना कीर्तनकार वैराग्याचा भाग रंगवतात. मला त्यातली वाटणी महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या हक्काचे दान करून स्वतः मोठे होण्याचा मोह त्यांनी टाळला. भावाचा हिस्सा मोजून भावाच्या हाती दिला आणि मगच स्वतःच्या हिश्श्यावर पाणी सोडले. यात भावनेचा भर असेल, पण हिशेब चोख आहे. शिवाय ज्यांची खते बुडाली, तीही दुष्काळातून कशीबशी वाचलेली कुटुंबे होती. त्यांच्या घरी त्या वर्षीचे धान्य घरातच राहिले असेल.

यानंतरच्या काळातल्या पुष्कळ कथा महिपतीबाबांनी अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रांतून आल्या आहेत. त्यांतल्या किती शब्दशः खऱ्या मानाव्यात हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. कोकणात मिरच्या विकायला गेले तर गिऱ्हाइकांनाच माप करून घ्यायला सांगितले. शेत राखायला बसवले तर पाखरांना हाकलले नाही. उसाची मोळी मिळाली तर वाटेत मुलांना वाटत आले, आणि शेवटचा उरलेला ऊस जिजाईने रागाने त्यांच्याच पाठीवर मारला. या गोष्टी आपण लहानपणापासून हसत ऐकतो. पण एका कथेपाशी मला हसू येत नाही. जिजाईने स्वतःच्या नावावर २०० रुपये कर्ज काढून दिले. तुकोबा माल घेऊन बालेघाटाकडे गेले आणि त्याचे २५० करून परतले. म्हणजे धंदा करण्याची अक्कल गेली नव्हती! परत येताना वाटेत एक गृहस्थ कर्जापायी छळला जात असलेला दिसला. तुकोबांनी होते नव्हते ते सर्व त्याला देऊन टाकले. त्या गृहस्थाची सुटका झाली. जिजाईच्या नावावरचे कर्ज मात्र तसेच राहिले. ते कोणी फेडले हे कीर्तनात कोणी सांगत नाही.

जिजाईला आपण कजाग म्हणून टाकले आहे. १९३६ साली प्रभात कंपनीच्या चित्रपटाने तिला थोडा न्याय दिला. त्यातली तिची भूमिका गौरी नावाच्या अभिनेत्रीने अशी केली आहे की प्रेक्षक तिच्यावर रागावू शकत नाही. ज्या घरात एक बाई भुकेने मेलेली आहे, त्या घरात दुसरी बाई दाण्यादाण्यासाठी भांडणार नाही तर काय करील? तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर चिंतनाला बसत. देहूपासून तो डोंगर दीड-दोन कोसांवर आहे. जिजाई घरचे आवरून भाकरी बांधून घेई, त्यांना शोधत डोंगर चढे, आणि त्यांनी खाल्ल्यावाचून स्वतः घास घेत नसे अशी आख्यायिका आहे. विठ्ठलाला ती तोंडभर शिव्या देई. तरीही त्या विठ्ठलाच्या भक्ताची भाकरी तिने चुकवली नाही. तुकोबांच्या औदार्याचे निम्मे ओझे तिच्या चुलीने वाहिले, आणि या निम्म्याची वाटणी कोणी कान्होबांच्या वाट्यासारखी आधी विचारून केली नव्हती.

अशा माणसाभोवती कोण जमले, हेही पाहण्यासारखे आहे. संताजी जगनाडे तेली होते, गवरशेट वाणी होते, लोहगावचे शिवबा कासार होते. बाजारात बसणारी, मापाला आणि वजनाला रोज हात लावणारी ही माणसे. त्यांच्या भाषेतच तुकोबा बोलले. भांडवल, नफा, तोटा, खोटे नाणे, हे शब्द अभंगात सहज येतात. पुढे वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्याही इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पहिल्यांदा कागद बुडवले तेव्हा तुकोबा मोकळे झाले होते, या वेळी मात्र ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी पडून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या ही श्रद्धा सर्वश्रुत आहे. लोकांच्या तोंडी ते अभंग आधीच पाठ झालेले होते, हेही खरे. खतपत्रे मात्र कोणालाच पाठ नव्हती. ती परत आली नाहीत.

आमच्या तालुक्याच्या पूर्वेला आण्याचे पठार आहे. पाऊस कमी, जमीन हलकी, पाण्याची नेहमीची ओढ. अशा गावी रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो आणि तो दूरवर प्रसिद्ध आहे. आमटी मोठमोठ्या कढयांत एके ठिकाणी शिजते, भाकरी मात्र घराघरांत थापल्या जातात आणि मांडवात येऊन एका ढिगात पडतात. झणझणीत आमटीत बाजरीची भाकरी कुस्करून खायची. पंगतीत शेजारी कोण बसला आहे हे कोणी विचारत नाही. बारामाही बागायतीच्या गावांत इतकी मोठी पंगत उठते की नाही ते माहीत नाही, पण पाण्याला महाग असलेल्या पठारावर ती उठते. टंचाई सोसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पोटाचा अंदाज लवकर येत असावा. आमच्या पिंपळवंडीत हरिनाम सप्ताहाच्या पंगतीला वाढताना म्हातारी माणसे अजूनही पानात आग्रहाने दुसरी भाकरी टाकतात, आणि टाकलेली उरली तर रागावतातही. वाढायचे सढळ हाताने, पण अन्न वाया घालवायचे नाही. हा दुहेरी नियम आम्हाला शाळेच्याही आधी पंगतीत शिकायला मिळतो.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० साली, तुकोबांचे वैकुंठगमन झाले. त्या वेळी जिजाई गरोदर होती. घरात महादेव आणि विठोबा ही मुले होती, मुली होत्या, आणि शिलकीत काहीच नव्हते. त्यानंतर जन्मलेला मुलगा म्हणजे नारायणबाबा. ज्याने वडिलांना पाहिलेही नाही, त्या नारायणबाबांनी १६८५ साली वडिलांच्या पादुका पालखीत घालून देहूहून पंढरीची वाट धरली. ती पालखी आजही दरवर्षी निघते. पुणे, लोणी काळभोर करीत ती यवतला मुक्कामाला येते. तेथे सगळा गाव पिठले-भाकरी करून वारकऱ्यांना जेवू घालतो. पिठले देवळापाशी मोठ्या कढयांत रटरटते आणि भाकरी घरोघरच्या तव्यांवरून येतात.