पतंगावर बसून निघालेली आई

लग्नानंतर मी लूना चालवायला शिकले ती चोरून. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला, की धाकट्या नणंदेला मागे बसवायचं आणि कॉलनीच्या मैदानात चकरा मारायच्या. घरी कळलं तोवर मी रस्त्यावर गाडी काढायला लागले होते. मग नाही म्हणून करणार काय? लेडी मेरी बेलीबद्दल वाचताना मला ती लूना आठवली. ही बाईदेखील चोरूनच शिकली. फक्त ती शिकली विमान! साल १९२६, वय पस्तीस, पदरात पाच मुलं.

आज हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. पण १९२८-२९ साली लंडनच्या वर्तमानपत्रांत ते पहिल्या पानावर असायचं. आपल्याकडे अमेलिया इअरहार्ट, फार तर एमी जॉन्सन माहीत असते. त्यांच्या अगदी बरोबरीची ही मेरी.

तिचा जन्म १ डिसेंबर १८९० चा. वडील आयर्लंडमधल्या मोनाहन परगण्यातले मोठे सरदार-जमीनदार, लॉर्ड रॉसमोर. घर म्हणजे एक किल्लाच. घोडे, शिकार, मासेमारी यांत बालपण गेलं. शाळेत घातलं तर पोरगी पळून आली, मग शिक्षण घरीच झालं. विसाव्या वर्षी, १९११ मध्ये लग्न झालं ते सर एब बेली यांच्याशी. वय वर्षं सेहेचाळीस, बिजवर, आधीची दोन मुलं, दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणी. (क्रिकेटवेड्या नवऱ्यांच्या बायकांसाठी सांगते, आजच्या आयसीसीचं मूळ रूप १९०९ मध्ये लंडनला जन्माला आलं, ते याच सर एब यांच्या सूचनेवरून.) पुढच्या दहा वर्षांत मेरीला तीन मुली आणि दोन मुलगे झाले. घरात नोकरचाकर, दाया, रेसचे घोडे, पार्ट्या. कशाची म्हणून कमी नाही.

आणि मग ही बाई लंडनच्या उत्तरेला स्टॅग लेन नावाच्या विमानतळावर गुपचूप जायला लागली. कशासाठी, याचं तिने कधी मोठं तत्त्वज्ञान सांगितलं नाही. बाबागाड्यांपासून जरा लांब जायचं होतं, असं काहीसं ती म्हणायची. लोक हसायचे. मला नाही हसू येत. मुलांवर जीव असतोच. पण दिवसातला एखादा तास कुणीही हाक मारू नये असं ज्या आईला कधीच वाटलं नाही, तिने मला जरूर भेटावं.

तिचं विमान ‘मॉथ’. इंग्रजी मॉथ म्हणजे आपला दिव्यावर येणारा पतंग. विमान बनवणारे जेफ्री डी हॅविलंड स्वतः फुलपाखरं-पतंगांचे मोठे शौकीन, म्हणून हे नाव. विमान खरंच नावासारखं, लाकडाचा सांगाडा आणि वर ताणून बसवलेलं कापड. एकावर एक दोन पंख, तेही मागे दुमडून शेडमध्ये ठेवता येणारे. एकामागे एक दोन उघड्या बैठका, वर छप्पर नाही. रेडिओ नाही, चाकांना ब्रेकही नाहीत. वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे आज एक्स्प्रेस वेवर लोक मोटारी हाणतात तेवढाच. सुरू करायला किल्ली नाही, तर पुढचा लाकडी पंखा कुणीतरी हाताने गरकन फिरवायचा आणि चटकन मागे सरायचं.

१९२७ च्या सुरुवातीला मेरीला लायसन्स मिळालं. त्यानंतर काही दिवसांतच हा पंखा फिरवताना तिला मागे सरायला उशीर झाला. पंखा डोक्याला लागला आणि टाळूची कातडीच सोलून निघाली. दुसरी कुणी असती तर घरच्यांनी तिथेच पूर्णविराम दिला असता. ही बाई जखम भरल्यावर परत हजर. त्याच वर्षी जुलैमध्ये तिने डी हॅविलंडसाहेबांच्या बायकोला सोबत घेऊन हलक्या विमानातून १७,२८३ फूट उंची गाठली, विक्रमच तो. ऑगस्टमध्ये इंग्लंड आणि आयर्लंडमधला समुद्र विमानाने ओलांडणारी पहिली स्त्री झाली. माहेरी जायचा हा प्रकार मला फार आवडला.

पण खरी गोष्ट पुढच्या वर्षीची. सर एब तेव्हा केपटाउनला होते. एरवी लंडनहून केपटाउनला जायचं म्हणजे आगबोटीने अडीच-तीन आठवडे. मेरीने ठरवलं, आपण आपलं विमान घेऊन जायचं. एकटीने. ९ मार्च १९२८ ला लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून ती निघाली. विक्रम करायला नव्हे, नवऱ्याला भेटायला. असं निदान सगळ्यांना सांगायला तरी सोयीचं होतं.

या प्रवासाचा पहिला टप्पा म्हणजे दक्षिण युरोप. आज तिकडे जाणाऱ्या सहलीतल्या मंडळींना रोम, नेपल्स म्हणजे चकचकीत विमानतळ आणि कन्व्हेयर बेल्टवरची बॅग. १९२८ मधला विमानतळ म्हणजे बहुतेक ठिकाणी गवताचं मोठं मैदान. एका कडेला शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी पिशवी, आणि कस्टमचा एखादा शिपाई. वरून ते मैदान शोधून काढायचं हीच पहिली परीक्षा. नकाशा गुडघ्यावर, होकायंत्र समोर, आणि खाली दिसणाऱ्या नद्या, रेल्वेचे रूळ यांचा माग काढत पुढे जायचं. फ्रान्समधून दक्षिणेला उतरायची वाट ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून. या खोऱ्यात मिस्त्राल नावाचा बोचरा, जोरदार उत्तरी वारा सुटतो. हलकं विमान त्यात सुपातल्या दाण्यासारखं उडतं. पुढे भूमध्य समुद्र लागला की किनारा धरून इटली, नेपल्सवरून खाली सिसिली, आणि मग माल्टा बेट.

दर मुक्कामाला उतरल्यावर काम संपत नाही, सुरू होतं. पासपोर्ट, विमानाचे कागद, लॉगबुक, सगळ्यांवर शिक्के. भाषा कळत नाही. मग पेट्रोलचे डबे आले की ते मऊ चामड्यातून गाळून टाकीत भरायचं, कारण पाण्याचा एक थेंबही इंजिन बंद पाडू शकतो. मग तेल पाहायचं, इंजिनाच्या झडपा तपासायच्या, विमान वाऱ्याने उलटू नये म्हणून दोरांनी बांधायचं. हे करणारी बाई दिसायला कशी, तर केस विस्कटलेले, कपड्यांकडे लक्ष नाही, जरा वेंधळी. वाट चुकण्याबद्दल तर तिची ख्यातीच होती. चुकली की कुठेतरी मोकळी जागा बघून उतरायची, जो भेटेल त्याला विचारायची आणि परत उडायची. आपण नाही का रिक्षावाल्याला पत्ता विचारत, तसं.

सिसिली ते माल्टा समुद्र थोडा आहे. पण माल्टापासून आफ्रिकेचा किनारा तीनशे-साडेतीनशे किलोमीटर. म्हणजे अडीच-तीन तास खाली नुसतं पाणी, एकच इंजिन आणि एकटी बाई. हा टप्पाही तिने पार केला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती कैरोला पोचली.

आणि तिथे अडकली. वारा नाही, इंजिन नाही. माणसांनी अडवलं! दक्षिण सुदानमध्ये डिसेंबर १९२७ ला एका ब्रिटिश अधिकाऱ्याची हत्या झाली होती, तिथला प्रदेश अशांत होता. त्यावरून एकट्या बाईला पुढे जाऊ द्यायचं नाही, असं ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ठरवलं. ती ऐकेना म्हणून तिचं विमान चक्क कुलपात ठेवलं. भीती खोटी नव्हती, हे मी मान्य करते. पण अर्धा युरोप आणि समुद्र एकटीने ओलांडून आलेल्या, स्वतःच्या पैशाने घेतलेलं विमान चालवणाऱ्या सदतीस वर्षांच्या बाईला कुणीतरी टेबलामागून सांगतं, की सोबतीला पुरुष असेल तर जा. वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी बेंटली नावाचा दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलातला वैमानिक सोबत करायला तयार झाला. गंमत म्हणजे तो आपल्या नव्या नवरीला घेऊन विमानातून मधुचंद्राला निघाला होता. म्हणजे मेरीला राखण मिळाली ती एका मधुचंद्राची!

त्याच दिवसांत आणखी एक बाई एकटीच दक्षिणेकडून उत्तरेला उडत येत होती, लेडी हीथ. तीही आयरिशच. दोघींची गाठ खार्टूमला पडली. लेडी हीथचं आयुष्य म्हणजे वेगळा लेखच होईल. ती तान्ही असताना बापाने आईचा खून केला, आत्यांनी वाढवलं. विमानविषयक आंतरराष्ट्रीय मंडळाने १९२४ मध्ये बायकांना व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स द्यायचं नाही असं ठरवलं होतं. कारण तेच, महिन्याचे चार दिवस! हिने त्या दिवसांतही उडून दाखवलं आणि १९२६ मध्ये ती बंदी उठवायला लावली. हीथ भांडून हक्क मिळवणारी, तर मेरी न भांडता आपलं तेच करणारी. मला स्वतःला हीथ जास्त पटते. पण घरात राहून मी आयुष्यभर वागले मेरीसारखी, हेही खरं.

पुढे एप्रिलमध्ये टाबोरा इथे, आजच्या टांझानियात, उतरताना मेरीचं विमान मोडलं. तिला काही झालं नाही. सर एब यांना तार गेली आणि त्यांनी दुसऱ्या मॉथची सोय केली. ३० एप्रिल १९२८ ला ती केपटाउनला उतरली.

इथे थांबून एक गोष्ट बोलायलाच हवी. विमान मोडल्यावर दुसरं मागवता येतं, ते नवऱ्याकडे सोन्याच्या खाणी असल्या तर. त्या खाणीत जमिनीखाली राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या बायकांना कसले पंख होते? आणि मुलांचं काय? धाकटी तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांची. दाया होत्या हे ठीक, पण आई आफ्रिकेच्या आभाळात कुठेतरी आहे आणि आठवडाभर तार नाही, असे दिवस त्या मुलांनी काढलेच असतील. बापाने दहा महिने बाहेर राहून विक्रम केला असता तर हा प्रश्न मी विचारला असता का? नसता. तरीही तो मनातून जात नाही.

कारण मेरी परत आली ती थेट पुढच्या वर्षी. येतानाही आगबोट नाही, विमानच. मेमध्ये निघाली आणि पुन्हा अपघात. दुरुस्ती करून सप्टेंबरमध्ये परत निघाली, ती या खेपेला आफ्रिकेच्या पश्चिमेकडून. काँगो, फ्रेंच प्रदेश, डाकार, तिथून वाळवंटाचा किनारा धरून वर, आणि मग स्पेन, फ्रान्स अशी पुन्हा दक्षिण युरोपातून, पण ऐन हिवाळ्यात. १६ जानेवारी १९२९ ला ती क्रॉयडनला उतरली. जाऊन-येऊन सुमारे २९,००० किलोमीटर. एकट्या स्त्रीने इतकं अंतर तोवर कापलं नव्हतं. १९३० मध्ये तिला ‘डेम’ हा किताब मिळाला.

त्यानंतर बाई घरी बसली असेल? १९२९ आणि १९३० मध्ये हलक्या विमानांची युरोपभर फिरणारी मोठी स्पर्धा झाली, तिच्यात ती दोन्ही वर्षी उतरली. १९३० च्या स्पर्धेची वाट साडेसात हजार किलोमीटरची. बर्लिनहून लंडन, पॅरिस, मग पिरेनीज पर्वताच्या पलीकडे सारागोसा, माद्रिद, सेव्हिल, बार्सिलोना आणि परत. साठ विमानं निघाली, पस्तीस पोचली. तिथे विनिफ्रेड स्पूनर नावाची दुसरी एक बाई चौथी आली. मेरीचा नंबर बराच मागे, पण तिला त्याचं सोयरसुतक नसावं. मग इजिप्तमधल्या खारगा ओअ‍ॅसिसमध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन आणि एलिनॉर गार्डनर या दोन संशोधक बायका प्राचीन वस्त्यांचा शोध घेत होत्या, त्यांच्यासाठी हिने वरून पाहणी केली. तीन बायका, एक वाळवंट, एक विमान. या प्रसंगावर कुणी सिनेमा का काढत नाही?

जानेवारी १९३३ मध्ये मात्र सहारा वाळवंटावरून जाताना ती काही दिवस बेपत्ता होती. फ्रेंचांनी शोधून काढलं. त्यानंतर तिने एवढं लांब उड्डाण केलं नाही. सर एब यांचे दोन्ही पाय कापावे लागले होते, ते १९४० मध्ये गेले. युद्धात मेरी हवाई दलाच्या स्त्री-विभागात होती.

मॉथ जातीचं विमान आपल्याकडेही आलं. १९३६ मध्ये लाहोरला एकवीस वर्षांच्या सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथमध्ये बसल्या आणि एकट्या उडाल्या. घरी चार वर्षांची मुलगी होती. आणि त्यांना शिकायला सासरच्यांनीच पाठवलं होतं, चोरून काही नाही!

मेरी १९६० मध्ये केपटाउनला वारली. आईच्या गैरहजेरीचा राग मुलांनी धरला का, हे शोधताना मला एवढंच सापडलं : दोन्ही मुलगे युद्धात वैमानिक होते. धाकट्या जिमने पुढे आफ्रिकेतलं गाजलेलं ‘ड्रम’ हे मासिक चालवलं. थोरल्या डेरिकने १९६८ मध्ये इंग्लिश खाडीतल्या बेटांवर ऑरिनी नावाची विमान कंपनी काढली. विमानं घेतली ती छोटीच, या बेटावरून त्या बेटावर टुणकन उडी मारणारी.