कोकणकड्यावरचं रीडिंग

सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींना कर्नल साईक्स हे नाव नवीन नाही. हरिश्चंद्रगडावरचा कुठलाही लेख उघडा, त्यात एक वाक्य हमखास सापडतं. १८३५ साली कर्नल साईक्सला कोकणकड्यावरून इंद्रवज्र दिसलं. बस्स, एवढंच! साईक्स कोण, तो एवढ्या आडरानात काय करत होता, पुढे त्याचं काय झालं, काही पत्ता नाही. आणि गंमत म्हणजे त्या एका वाक्यातलं सालही चुकलेलं आहे. १८३५ साली हा गृहस्थ इंग्लंडमध्ये होता. हिंदुस्थान त्याने १८३१ मध्येच सोडला होता.

मग हे १८३५ आलं कुठून? त्यासाठी त्याची गोष्ट पहिल्यापासून बघावी लागेल.

विल्यम हेन्री साईक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात तो १८०४ मध्ये दाखल झाला, तेव्हा त्याचं वय होतं चौदा. या वयात आपण आठवी-नववीत स्कॉलरशिपचे क्लास करत होतो. पुढच्याच वर्षी तो लॉर्ड लेकच्या सैन्याबरोबर भरतपूरच्या वेढ्यात होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, त्यातही तो होता, अर्थात पेशव्यांच्या विरुद्ध बाजूने. म्हणजे हा काही आपला माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मराठी राज्य बुडवणाऱ्या फौजेतला तो एक अधिकारी होता.

लढाया संपल्यावर १८२० ते १८२४ तो युरोपात फिरून आला. परतल्यावर मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्याला एक वेगळंच काम दिलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरी जिल्ह्यांची सगळी आकडेवारी गोळा करायची. जमीन किती, पिकं कुठली, माणसं किती, पाऊस किती, डोंगर किती उंच. सर्व्हे कॅम्पला आपण पंधरा दिवसात कंटाळतो, हा कॅम्प सहा वर्षं चालला!

ही माहिती काही रयतेच्या प्रेमापोटी गोळा होत नव्हती. नवीन सरकारला सारा बसवायचा होता, त्यासाठी आकडे हवे होते. पण साईक्सला आकड्यांचा नादच लागला. डिसेंबर १८२९ मध्ये काटकसर म्हणून सरकारने त्याचं पदच रद्द केलं. दुसरा कोणी असता तर फाईल बंद करून छावणीत परतला असता. साईक्सने परवानगी काढून काम चालू ठेवलं आणि जानेवारी १८३१ मध्ये ते संपवलं.

इंजिनिअरिंगवाल्यांना आवडतील अशा त्याच्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट उंची मोजण्याची. त्या काळी उंची मोजायची तर पाऱ्याचा बॅरोमीटर डोंगरावर न्यावा लागे. काचेची ती लांब नळी घाटवाटांत फुटायला कितीसा वेळ लागणार? यावर पर्याय होता साध्या थर्मामीटरचा. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं. साधारण तीनशे मीटर चढलं की उत्कलनबिंदू एक अंश सेल्सिअसने उतरतो. हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर, म्हणजे तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. गडावर डाळ शिजायला वेळ का लागतो, हे आता कळलं ना? चहाच्या भांड्यात थर्मामीटर बुडवला की उंची कळते. या पद्धतीवर साईक्सने १८३८ मध्ये लंडनच्या भूगोल संस्थेच्या नियतकालिकात लेख लिहिला.

दुसरी गोष्ट हवेच्या भरती-ओहोटीची. दिवसरात्र बॅरोमीटर वाचत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की दख्खनमध्ये हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी नऊ-दहाला चढ, दुपारी चार-पाचला उतार, रात्री दहा-अकराला पुन्हा चढ आणि पहाटे पुन्हा उतार. आपल्या मोबाईलमध्ये प्रेशर सेन्सर असेल तर हे होस्टेलच्या रूममध्ये बसूनही दिसेल. फरक फक्त तीनेक मिलीबारचा असतो, पण साधारण त्याच वेळांना येतो.

याशिवाय वाटेत दिसेल तो पक्षी, प्राणी, मासा तो टिपत गेला. तळ्याकाठी ध्यान लावून बसलेला वंचक आपण सगळ्यांनी पाहिला असेल. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन साईक्सचं, १८३२ मधलं. माशांच्या बाबतीत तर त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रात नेली. मुळा-मुठेत सापडणाऱ्या महासीर माशाच्या शास्त्रीय नावात आजही खुद्री हा शब्द आहे.

आता येऊ कोकणकड्याकडे.

बर्फाच्या देशांत काही वेडे लोक पहाटेच्या अंधारात पायाला स्की लावून डोंगर चढतात आणि उजाडताना एखाद्या उभ्या, अरुंद घळीतून घसरत खाली येतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण घळ आहे. ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्याहून कोकणकड्याला खेटून जी नळीची वाट वर येते, ती अशीच. मोठमोठे धोंडे, दोन्ही बाजूंना कातळ आणि काही टप्प्यांवर दोराशिवाय इलाज नाही. चढणारा घामाघूम होऊन माथ्यावर येतो तो थेट अकोले तालुक्यात, म्हणजे अहमदनगर जिल्ह्यात. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे.)

आमच्या ग्रुपने ही वाट ऑक्टोबरमध्ये केली. दिवसभर चढून रात्री गडावर मुक्काम केला आणि पहाटे साडेपाचला कड्यावर जाऊन बसलो. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य पाठीशी हवा असेल तर वेळ सकाळचीच. खाली कोकण धुक्याने भरलेलं, मागे आकाश तांबडं होत चाललेलं. कॅमेरे तयार! आणि सूर्य वर येतो न येतो तोच धुकं कड्यावरून उसळून थेट आमच्या अंगावर आलं. वाटाड्या मामांनी एकेकाला मागे ओढलं. धुकं वर आलं की कड्याची कडच दिसत नाही, आणि त्या कडेच्या पुढे काहीही नाही. अर्धा तास आम्ही पांढऱ्या अंधारात बसून होतो. इंद्रवज्र काही दिसलं नाही.

परत आल्यावर मी साईक्सचा मूळ निबंध शोधून वाचला. तो रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला, १८३५ साली. घ्या, सालाचा उलगडा झाला! ते छापण्याचं साल आहे, दिसण्याचं नव्हे. निबंध दख्खनच्या हवामानावर आहे आणि इंद्रवज्र त्यातला एक छोटासा भाग. पण तो भाग म्हणजे आदर्श ऑब्झर्वेशन टेबल आहे. धुकं कड्याच्या माथ्यापेक्षा थोडं वर चढलं होतं, पण पठारावर सांडलं नव्हतं. आपण धुक्याच्या अगदी बाहेर, कड्याच्या टोकावर होतो. सूर्य पाठीमागे, अगदी खाली आणि ढगाविना. वर्तुळ पूर्ण होतं, अर्धं आपल्या पातळीच्या वर आणि अर्धं खाली. रंग ठळक. व्यास पन्नास-साठ फुटांपेक्षा जास्त नसावा. बाहेरून आणखी एक फिकट कडं होतं. मधोमध त्याची स्वतःची, घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली.

आम्हाला ते का दिसलं नाही, हे पहिल्या अटीतच कळलं. आमचं धुकं पठारावर सांडलं होतं.

या निबंधात मला सर्वांत आवडली ती सोबतची माणसं. त्यांना पटेना की वर्तुळातल्या आकृत्या आपल्याच सावल्या आहेत. म्हणून त्यांनी हात हलवले, पाय झाडले, वेडेवाकडे उभे राहिले आणि समोरच्या आकृत्याही तसंच करतात का ते पाहिलं. साईक्स याला त्यांच्या मनातल्या भीतीचा भाग समजतो. मला विचाराल तर हा शुद्ध प्रयोग आहे. इनपुट बदलायचा आणि आउटपुट बदलतो का बघायचं. त्या सकाळी कड्यावर एक माणूस निरीक्षण करत होता आणि बाकीचे प्रयोग! पण निबंधात त्यांची नावं नाहीत.

आज या प्रकाराचं शास्त्र माहीत आहे. आपल्या सावलीच्या डोक्याभोवती पडणाऱ्या अशा रंगीत कड्याला ग्लोरी म्हणतात. नेहमीच्या इंद्रधनुष्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश, ग्लोरीची जेमतेम काही अंश. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश आल्या वाटेने मागे फेकतात, त्यातून ती तयार होते. जमिनीवर वर्तुळाचा खालचा अर्धा भाग जमीनच खाऊन टाकते, म्हणून पूर्ण गोल बघायला समोर दरी हवी. १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस डोंगरावर सी. टी. आर. विल्सन नावाच्या तरुणाने हीच ग्लोरी पाहिली आणि ती प्रयोगशाळेत करून बघायचं ठरवलं. त्या खटपटीतून क्लाउड चेंबर निघालं, ज्यात अणूपेक्षा लहान कणांच्या वाटा दिसतात. त्यासाठी विल्सनना १९२७ चं नोबेल मिळालं.

साईक्सचं पुढे काय झालं? लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा त्याला मिळाला १८३१ मध्ये, म्हणजे इंद्रवज्र बघताना तो कर्नलही नव्हता! १८३४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी त्याच वर्षी निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता आणि पुढे अध्यक्षही झाला. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर गेला, नंतर कंपनीचं अध्यक्षपदही त्याच्याकडे आलं. १८५७ पासून मरेपर्यंत तो ॲबर्डीनचा खासदार होता. म्हातारपणीही हवामानाचा नाद सुटला नाही. बलूनमधून उंचावर जाऊन हवा मोजण्यासाठी ब्रिटिश असोसिएशनने जी समिती नेमली, तिचा अध्यक्ष साईक्सच होता. त्या मोहिमेत १८६२ मध्ये ग्लेशर आणि कॉक्सवेल एव्हरेस्टएवढ्या उंचीपर्यंत गेले आणि मरता मरता वाचले. साईक्स १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये वारला.

इंद्रवज्र पहिल्यांदा साईक्सने पाहिलं, असं मला वाटत नाही. पाचनई-खिरेश्वरची माणसं, गुराखी, गडावरची शिबंदी शेकडो वर्षं त्या कड्यावर वावरत होती. कोणाला ना कोणाला ते दिसलं असणारच. साईक्सने फक्त ते लिहिलं. पण कुठे उभा होतो, सूर्य कुठे होता, धुकं कुठवर होतं, सगळं लिहिलं. म्हणून दोनशे वर्षांनी आमच्यासारखे कड्यावरून हात हलवत परत आले, तरी आपलं काय चुकलं ते त्यांना तपासता येतं.

आणि उलट बाजूने १८३५ बघा. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं उतरवलं. सबमिशनच्या आदल्या रात्री एका जर्नलवरून दहा जर्नल्स कशी तयार होतात, हे होस्टेलवाल्यांना मी सांगायला नको. दहाही जर्नल्समध्ये रीडिंग तेच, चूकही तीच आणि सरांची सहीसुद्धा तीच! त्या रीडिंगवर उद्या कोणाचा पूल किंवा धरण उभं राहणार नाही, हे खरं. पण नोकरीत गेल्यावर जी रीडिंग्ज आपण घेऊ, त्यांच्यावर उभं राहणार आहे. साईक्सच्या आकड्यांवर तर लोकांचा सारा ठरत होता.

तेव्हा पुढच्या वेळी हरिश्चंद्रगडावर जाल तर सॅकमध्ये एक थर्मामीटर टाका. गावातला वाटाड्या घ्या आणि कड्यावर पालथं झोपूनच डोकवा. इंद्रवज्र दिसलंच, तर फोटोच्या आधी वेळ, धुक्याची पातळी आणि सोबतच्या सगळ्यांची नावं लिहा. तारीखही लिहा. साईक्सच्या त्या परिच्छेदात नेमकी तेवढीच राहून गेली आहे.