अंथरुणावरची दीपधारिणी

हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला पाठ्यपुस्तकातून भेटते. मात्र १८५५ मध्ये क्रिमियात तिला तापाने गाठले आणि १८५७ नंतरची कित्येक वर्षे तिने अंथरुणात काढली, हे पुस्तक सांगत नाही. मणक्यात असह्य कळा, छातीत धडधड, चार शब्द बोलले तरी थकवा. डॉक्टरांनी अतिश्रमावर बोट ठेवले. पुढे काही चरित्रकारांनी तर सोंगच ठरवले. तरीही हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याचे काम तिने पडल्यापडल्या केले.

माल्टा तापाचा जंतू डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये वेगळा काढला. तिचा आजार तोच, जुनाट ब्रूसेलोसिस असावा, असे १९९५ मध्ये एका संशोधकाने मांडले. तोवर तिला जाऊन ८५ वर्षे झाली होती. आता खात्री होणे नाही. १२ मे हा तिचा जन्मदिवस अशाच न दिसणाऱ्या दुखण्यांचा जागृतिदिन म्हणून पाळतात. रिपोर्ट नॉर्मल आला, तरी घरातल्या माणसाचे दुखणे खोटे ठरत नाही, एवढे त्या दिवशी आठवावे.