सवयीतून कर्करोग ओळखणारे डॉ. खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानतात. लंडनला शिकून आलेल्या या डॉक्टरांनी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाचे संशोधन उभे केले. १९४५ साली त्यांनी दाखवून दिले, की खैनी धरतात तिथे ओठावर आणि धोतर घट्ट आवळतात तिथे कमरेवर कर्करोग उद्भवतो. रोज डिवचलेली पेशी झीज भरायला पुनःपुन्हा विभागते. त्यात तिची जनुके बिघडत जातात. तंबाखूचे विष ती आणखी बिघडवते. शेवटी पेशी थांबायचे विसरते. लोधीखेड्यात गालात दाबलेला खर्राही हेच करतो. यंदा बाप्पाच्या दर्शनाला येताना ती पुडी कायमची सोडून यावे, ही विनंती.