छपराखालची खोली

१८९१ सालचा नोव्हेंबर महिना. पॅरिसच्या स्टेशनवर एक पोलिश तरुणी आगगाडीतून उतरली. वॉर्सापासून पॅरिसपर्यंतचा लांबचा प्रवास तिने सर्वांत स्वस्त डब्यातून केला होता. जर्मनीत त्या डब्यात बसायला बाकही नसे, म्हणून एक घडीची खुर्ची तिने घरूनच आणली होती. तिचे नाव मारिया स्क्लोदोव्हस्का, वय २४ वर्षे. पुढे सारे जग तिला मादाम मेरी क्यूरी म्हणून ओळखू लागले.

वॉर्सा तेव्हा रशियाच्या ताब्यात होते आणि तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. वडील शिक्षक, मुलींना परदेशी शिकवण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. तेव्हा मारिया आणि तिची थोरली बहीण ब्रोन्या या दोघींनी आपसांत एक करार केला. आधी ब्रोन्याने पॅरिसला जायचे, मारियाने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे. नंतर ब्रोन्याने मारियाला मदत करायची. मारियाने परक्यांच्या घरी राहून त्यांची मुले शिकवली. यात तिची कित्येक वर्षे गेली. ब्रोन्या डॉक्टर झाली, तिचे लग्न झाले, आणि मग मारियाची पाळी आली.

सुरुवातीला ती ब्रोन्याच्याच घरी राहिली. घर उबदार होते, जेवण आयते मिळत होते. पण सोरबॉन विद्यापीठ तिथून दूर. घोड्यांच्या बसने जायला तासभर लागे आणि भाड्याचे पैसे जात ते वेगळेच. शिवाय घरी पाहुण्यांची सतत वर्दळ. ब्रोन्याचे पती मोठे हौशी. गप्पा आणि गाणेबजावणे त्यांना फार प्रिय. मारिया पुस्तक उघडून बसली, की ते तिला उठवून बाहेर नेत. अखेर तिने विद्यापीठाजवळ एक खोली भाड्याने घेतली.

ही खोली सहाव्या मजल्यावर, अगदी छपराखाली होती. उतरत्या छपरात एक लहानशी खिडकी होती, तेवढाच काय तो उजेड. खोलीत पाण्याचा नळ नव्हता. एक लोखंडी पलंग, एक टेबल, एक खुर्ची, रॉकेलचा दिवा, तोंड धुण्याचे भांडे आणि कोळशाची छोटी शेगडी, एवढाच संसार. दिवसाला सुमारे ३ फ्रँक खर्च करणे तिला परवडत असे. भाडे, जेवण, कपडे, पुस्तके, विद्यापीठाची फी, सगळे त्यातच.

उन्हाळ्यात कसेही निभावले. पण मुलांनो, पॅरिसचा हिवाळा म्हणजे आपल्याकडची थंडी नव्हे. आपण एक जादा पांघरूण घेतले की आपले भागते. तिथे छपरावर बर्फ साचतो. शेगडी होती, पण कोळसा विकत घ्यावा लागे आणि तो स्वतःच उचलून सहा जिने चढून वर आणावा लागे. तेव्हा कोळसा अगदी जपून वापरायचा आणि पुष्कळदा तोही संपलेला असायचा. एका कडक हिवाळ्यात तर रात्री भांड्यातले पाणी गोठून जाई.

मारियाने थंडीवर आपल्या परीने उपाय शोधले. संध्याकाळी ती जवळच्या सेंट जेनेव्हिएव्ह ग्रंथालयात जाऊन बसे. तिथे ऊब होती, गॅसच्या दिव्यांचा उजेड होता आणि दोन्हींना पैसे पडत नव्हते. रात्री १० वाजता ग्रंथालय बंद झाले, की खोलीवर येऊन दिव्यापुढे पुन्हा अभ्यास. बोटे बधिर होत, तरी गणिते चालूच. झोपताना ती होते नव्हते ते सगळे कपडे पांघरुणावर रचून ठेवी. त्यावरही भागले नाही, तर खुर्ची ओढून त्या ढिगावर ठेवी, असे तिची धाकटी मुलगी एव्ह हिने आईच्या चरित्रात लिहिले आहे. खुर्चीने ऊब कशी येणार? पण अंगावर वजन आले, की निदान ऊब आल्यासारखे तरी वाटत असेल!

जेवणाची मात्र तिने फार हेळसांड केली. स्पिरिटच्या दिव्यावर काय शिजणार? पाव, एक कप चॉकलेट, कधी अंडी, कधी फळे. एके दिवशी ती मैत्रिणीच्या देखत चक्कर येऊन पडली. ब्रोन्याचे पती स्वतः डॉक्टर. ते धावत आले आणि त्यांनी खोलीतली भांडी पाहिली. त्यांना जेवण केल्याची खूणच दिसेना. खोदून विचारले तेव्हा कळले, की आदल्या दिवसापासून तिने थोडे मुळे आणि चेरी एवढेच खाल्ले होते. ते तिला घरी घेऊन गेले. ब्रोन्याने बहिणीला पोटभर जेवू घातले आणि झोपवले. थोड्याच दिवसांत मारिया पुन्हा आपल्या गार खोलीत परतली. परीक्षा जवळ आली होती.

१८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या परीक्षेत तिचा पहिला क्रमांक आला. पण पुढच्या वर्षासाठी हातात पैसाच उरला नव्हता. अशा वेळी तिला मायदेशाकडून ६०० रूबलची शिष्यवृत्ती मिळाली. १८९४ मध्ये ती गणितात दुसरी आली. पुढे कमाई सुरू होताच तिने शिष्यवृत्तीची सगळी रक्कम परत पाठवून दिली. तसे कोणी मागितले नव्हते आणि तसा नियमही नव्हता. पण तिच्यासारखाच एखादा विद्यार्थी त्या पैशांची वाट पाहत असेल, असे तिला वाटे.

१८९५ मध्ये तिचा विवाह शास्त्रज्ञ पिएर क्यूरी यांच्याशी झाला. थंडीने मात्र पाठ सोडली नाही. १८९८ च्या फेब्रुवारीत प्रयोगशाळेतले तापमान जेमतेम ६ अंश होते, अशी नोंद मादाम क्यूरींनी आपल्या वहीत केली आहे. त्याच वर्षी या पतिपत्नींनी पोलोनियम आणि रेडियम ही दोन मूलद्रव्ये शोधली. मग शुद्ध रेडियम वेगळे काढण्यासाठी त्यांना एक जुनी, गळकी शेड मिळाली. तिचे छप्पर काचेचे होते. आत एक लोखंडी शेगडी होती, पण तिच्या जवळ उभे राहिले तरच ऊब लागे. तिथे टनावारी खनिज उकळून, ढवळून १९०२ मध्ये त्यांच्या हाती रेडियमचे जे क्षार आले, ते अवघे एक दशांश ग्रॅम! १९०३ आणि १९११ साली मादाम क्यूरींना नोबेल पारितोषिके मिळाली.

१९२३ मध्ये त्यांच्या आत्मवृत्तपर टिपणांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हा त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या. गोठलेले पाणी, कपड्यांचा ढीग, कोळसा घेऊन चढलेले सहा जिने, हे सारे त्यात आहे. त्या दिवसांविषयी तक्रार मात्र कुठेही नाही. आपल्याला तिथे मोकळेपणाने शिकता आले, याचाच आनंद त्यात आहे.